'तुतारी'चं वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती कशी ओळखायची?

परीक्षेसाठी 'तुतारी' ही कविता अभ्यासताय, तेही रत्नागिरीत, आणि कवी तिथूनच जवळच्या मालगुंडचे केशवसुत, म्हणजे घरचंच काम! हे अक्षरगणवृत्त (तीन-तीन अक्षरांचे ठरावीक गण असलेलं वृत्त) नाही, त्यामुळे गण ओळखायचं य-मा-ता-रा-ज हे सूत्र लावत बसू नका. मात्रा मोजा. ऱ्हस्वाला १, दीर्घाला आणि 'फुं'सारख्या अनुस्वाराच्या अक्षराला २.

'एक तुतारी' ८, 'द्या मज आणुनि' ८. एकूण १६, म्हणजे पादाकुलक हे ८ अधिक ८ मात्रांचं वृत्त. पुढची 'फुंकिन मी जी / स्वप्राणाने' ही ओळसुद्धा ८ अधिक ८. इथे 'स्व' ऱ्हस्व दिसला तरी पुढच्या 'प्रा' या जोडाक्षराचा आघात (उच्चारातला जोर) त्यावर येतो, म्हणून त्याच्या २ मात्रा. गोची होते ती चौथ्या ओळीत, 'दीर्घ जिच्या त्या / किंकाळीने'. 'जिच्या'मधल्या 'जि'पुढेही जोडाक्षर आहेच, पण म्हणताना आघात येत नाही, म्हणून १ मात्रा. २ धरलीत तर ओळ १७ वर जाते. थोडक्यात, डोळ्यांनी नव्हे, कानांनी मोजा. पाचव्या ओळीतल्या ('अशी तुतारी / द्या मजलागुनि') 'मजलागुनि'चा 'नि' काही पुस्तकांत दीर्घ छापतात. मोजताना ऱ्हस्वच धरा.

यमक सोपं आहे: स्वप्राणाने, गगने, किंकाळीने या मधल्या तिन्ही ओळी 'ने'वर संपतात, तर पहिली आणि पाचवी 'नि'वर.

पुनरावृत्तीबद्दल मात्र 'धृपदासारखी' एवढंच लिहून मोकळे होऊ नका. पहिल्या ओळीत 'एक तुतारी' आहे, पाचवीत 'अशी तुतारी'. मधल्या तीन ओळींनी ती कसली हवी ते सांगितलं, म्हणून 'एक'ची 'अशी' झाली. मागणी तीच, पण आता नेमकी. परीक्षेत हे लिहिलंत तर गुण कापायला कुणाची हिंमत होणार नाही.