यंत्रामागचे करार

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तू केलेली यादी नीट वाचली. मातीच्या पाट्यांपासून मोबाइलपर्यंतचे शोध सनावळीने लावले आहेस, प्रत्येकापुढे संशोधकाचं नाव आहे, आणि शेवटी विचारलं आहेस की यातला सर्वांत मोठा शोध कोणता आणि अभ्यासाला सुरुवात कुठून करू.

माझं मत स्पष्ट सांगतो. तुझ्या यादीत यंत्रं सगळी आली आहेत, करार मात्र एकही आलेला नाही. लांबच्या माणसाला निरोप पोचायचा, तर दोन्ही टोकांच्या माणसांनी आधी काहीतरी ठरवून घ्यावं लागतं. कोणत्या खुणेचा काय अर्थ, पैसे कोणी भरायचे, मधेच चूक झाली तर ती दुरुस्त कशी करायची. हे ठरत नाही तोवर उत्तम यंत्रही मूठभर लोकांपुरतं राहतं. या विषयात मला सर्वांत गोडी आहे ती याच भागाची, आणि तुझी सुरुवात इथून व्हावी असं मनापासून वाटतं.

उरुकच्या पाट्या घे. आजच्या इराकमधल्या या शहरात इ.स.पू. ३३०० च्या सुमारास मातीवर लिहिणं सुरू झालं. बहुतेक पाट्या हिशेबाच्या आहेत : जव, मेंढ्या, मजुरांचा शिधा. त्यांच्याबद्दल सगळेच लिहितात. उरलेल्या थोड्या पाट्यांवर शब्दांच्या याद्या आहेत, भांड्यांच्या, प्राण्यांच्या, हुद्द्यांच्या. लिहायला शिकणारे त्या गिरवत. हुद्द्यांची यादी तर पुढे शेकडो वर्षं त्याच क्रमाने उतरवली जात राहिली. लिपी ज्या कुणी घडवली, त्यांच्याइतकंच श्रेय मी या याद्या गिरवून घेणाऱ्यांना देतो. लिहिणारा मेल्यावरही खुणेचा अर्थ तोच राहिला, तो त्यांच्यामुळे.

छपाईवर तू पुष्कळ लिहिलं आहेस, तिथे एक दुरुस्ती कर. सुट्या खिळ्यांची, म्हणजे एकेका अक्षराच्या ठशांची, छपाई जर्मनीच्या गुटेनबर्गने पंधराव्या शतकात पहिल्यांदा केली असं तू धरलं आहेस; पण त्याच्या आधी चीनमध्ये १०४० च्या दशकात बी शेंगने भाजलेल्या मातीचे सुटे खिळे केले होते, आणि कोरियात १३७७ मध्ये धातूच्या खिळ्यांनी ग्रंथ छापला गेला होता. यामुळे गुटेनबर्गचं मोठेपण कमी होत नाही.

आता काँगो नदीकाठच्या ढोलांबद्दल. तुझ्या यादीत ते नाहीत याचं मला वाईट वाटलं. तिथल्या केले भाषेत शब्दाचा अर्थ स्वराच्या चढउतारावरही ठरतो. लाकडी ढोलावर हा चढउतार वाजवता येतो, व्यंजनं वाजवता येत नाहीत. त्यामुळे ‘चंद्र’ आणि ‘कोंबडी’ या अर्थांचे दोन शब्द ढोलावर अगदी सारखे ऐकू येतात. वाजवणाऱ्यांनी यावर उपाय काढला. चंद्र म्हणायचं असेल तर ‘धरतीकडे खाली पाहणारा चंद्र’ असं आख्खं वाजवायचं. कोंबडीसाठी वेगळी ठरलेली ओळ. निरोप कितीतरी लांबला, पण तो मैलोन्‌मैल न बिघडता जाऊ लागला. १९४८ मध्ये अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचं गणित मांडलं. गोंगाटातून निरोप सुखरूप न्यायचा तर त्यात जास्तीचा, वरवर अनावश्यक वाटणारा भाग घालावा लागतो, हे त्या गणितातून सिद्ध झालं. ढोल वाजवणाऱ्यांनी हे गणिताशिवाय ओळखलं होतं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येक गावाला त्या ओळी पाठ होत्या. हे दोन विषय शेजारी ठेवून वाच. शॅनन यांचा निबंध तुला तेव्हाच खरा कळेल.

विजेची तार येण्याआधी फ्रान्समध्ये मनोऱ्यांची साखळी होती. क्लोद शाप यांनी १७९४ मध्ये पॅरिस ते लील हा पहिला मार्ग सुरू केला. मनोऱ्यावर हलणारे लाकडी हात. पुढच्या मनोऱ्यावरचा माणूस दुर्बिणीतून ते पाहायचा आणि आपले हात तसेच लावायचा. पुढे संकेतकोश सुधारला, तेव्हा त्यात ९२ पानं आणि प्रत्येक पानावर ९२ शब्द होते. पहिली खूण पानाची, दुसरी त्या पानावरच्या शब्दाची. दोन खुणांत ८,४६४ शब्दांपैकी कोणताही! कोश फक्त टोकाच्या अधिकाऱ्यांकडे असे, मधल्या माणसांना आपण काय पुढे पाठवतो आहोत याचा पत्ता नसे.

या व्यवस्थेतली फट बोर्दो शहरात रोख्यांचा व्यवहार करणाऱ्या ब्लाँ बंधूंनी हेरली. १८३४ पासून दोन वर्षं त्यांनी तूर इथल्या कर्मचाऱ्याला लाच देऊन सरकारी निरोपात मुद्दाम चुकीची खूण घुसवली. तिच्यामागून ‘आधीची खूण रद्द’ ही नियमातलीच खूण जाई, त्यामुळे शेवटच्या ठाण्यावर ती गाळली जाई. पण बोर्दोजवळ पाळतीवर असलेल्या त्यांच्या माणसाला तेवढ्यात पॅरिसच्या रोखेबाजाराचा कल कळून जाई. खटला उभा राहिला तेव्हा अशा कृत्याविरुद्ध कायदाच नसल्याचं लक्षात आलं, आणि १८३७ मध्ये फ्रान्सने संदेशवहनावर सरकारी मक्तेदारीचा कायदा केला. चूक दुरुस्त करण्याच्या सोयीतूनच चोरवाट निघाली, हे ध्यानात ठेव. तू उद्या जी कोणती प्रणाली बांधशील, तिच्यातही अशी जागा शोध.

विजेच्या तारेची गोष्ट तुला ठाऊक आहे : १८४४ मध्ये सॅम्युएल मोर्स यांनी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला तार पाठवली. त्यांच्या टिंब-रेघांच्या लिपीतला मला आवडणारा भाग म्हणजे जे अक्षर जास्त लागतं त्याला छोटी खूण. इंग्रजी ‘ई’ला नुसतं एक टिंब. पण लवकरच अमेरिकेतली मोर्स लिपी वेगळी आणि युरोपातली वेगळी झाली. युरोपात तर प्रत्येक राज्याचे नियम निराळे, दर निराळे. स्ट्रासबुर्गच्या तारघरात फ्रान्सचा एक आणि बाडेन या शेजारच्या जर्मन राज्याचा एक असे दोन कर्मचारी बसत. फ्रान्सकडून आलेली तार पहिला कागदावर उतरवायचा, तो कागद टेबलावरून दुसऱ्याच्या हातात द्यायचा, दुसरा तिचं जर्मन करून पुढे पाठवायचा. वीज क्षणात सीमेपर्यंत येत होती, आणि सीमा ओलांडायला कागद लागत होता. १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये २० राज्यांनी आंतरराष्ट्रीय तार करारावर सह्या केल्या, आणि त्यांच्यातल्या तारांसाठी एक लिपी, एक नियमावली आली. माझ्या यादीत ही तारीख १८४४ च्या वर आहे.

टपालातही तेच. ब्रिटनमध्ये १८४० पूर्वी पत्राचे पैसे बहुधा घेणारा भरायचा, तेही अंतर आणि कागदांची संख्या मोजून. टपालसुधारक रोलंड हिल यांनी हिशेब मांडून दाखवला की पत्र वाहून नेण्याचा खर्च नगण्य आहे, खरा खर्च या मोजणीचा आणि वसुलीचा आहे. पाठवणाऱ्याने आधीच एक पेनी भरायची, अंतर कितीही असो, एवढंच ठरलं. १८३९ मध्ये सुमारे ७.६ कोटी असलेली पत्रं पुढच्या वर्षी जवळपास १६.९ कोटी झाली. नवं यंत्र एकही नव्हतं.

बिनतारी संदेशाच्या सुरुवातीच्या काळात एका कंपनीची उपकरणं वापरणारी जहाजं आणि ठाणी दुसऱ्या कंपनीच्या उपकरणांना उत्तर देत नसत. १९०६ च्या बर्लिन करारात जहाज आणि किनारा यांच्यात असा भेद करता येणार नाही, असं ठरलं. संकटासाठी ‘एसओएस’ ही खूणही तिथेच मान्य झाली. पण ऐकायला कोणी जागं असलं पाहिजे हे ठरायला टायटॅनिक बुडावी लागली. १४-१५ एप्रिल १९१२ च्या त्या रात्री कॅलिफोर्नियन हे जहाज जवळ होतं, पण त्यावरचा एकुलता एक बिनतारी कर्मचारी झोपायला गेला होता. जहाजांवर चोवीस तास कान देण्याचा नियम त्यानंतर आला. हे लिहितानाही मला अस्वस्थ वाटतं, कारण उणीव विज्ञानाची नव्हती.

इंटरनेटबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल, म्हणून एवढंच : आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या १९६९ च्या पहिल्या संदेशाइतकीच १ जानेवारी १९८३ ही तारीख महत्त्वाची मान. त्या दिवशी आर्पानेटने जुनी पद्धत सोडून टीसीपी/आयपी हे संगणकांमधल्या देवाणघेवाणीचे नियम स्वीकारले, आणि वेगवेगळी जाळी एकमेकांशी बोलण्याचा पाया घातला गेला.

करार घडवण्याचं हे काम संपलेलं नाही, म्हणून तर तुला इतकं लिहितो आहे. एका मेसेजिंग ॲपवरून दुसऱ्या ॲपवर निरोप पाठवणं आजही सहसा जमत नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टने मोठ्या सेवांवर इतरांसाठी दार उघडण्याचं बंधन घातलं आहे. अडचण खरी आहे : निरोप टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद ठेवून तो दोन परक्या प्रणालींमधून न्यायचा, तर किल्ल्या कोणी कशा वाटायच्या? गटातल्या संदेशांना असं कुलूप घालण्यासाठी एमएलएस नावाचं एक मानक २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं आहे, आरएफसी या इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजमालेत ९४२० या क्रमांकाने. ते मोफत वाचता येतं, आणि अशी मानकं घडवण्याच्या कामात कोणालाही भाग घेता येतो, पदवीची अट नाही.

तेव्हा सुरुवात तिथून कर. आधी १८६५ चा करार वाच, मग लगेच हे मानक. पहिल्या वाचनात बराच भाग डोक्यावरून जाईल, त्याने खचू नकोस. जिथे अडशील ते परिच्छेद मला पाठव, आपण एकेक घेऊन बसू.

तुझा,
सर