वाचकांचे प्रश्न : दगडी भिंतीची ओल

प्रश्न : इंग्लंडमध्ये बायबरी गावातल्या अर्लिंग्टन रो या ओळीतली दगडी घरं अजून उभी आहेत. अमळनेरजवळचं आमचं काळ्या दगडाचं घर जेमतेम शंभरीतलं. पाच वर्षांपूर्वी बाहेरून दगडांमधल्या दरजा (सांधे) सिमेंटने भरल्या, तेव्हापासून आत ओल येते आणि पोपडे सुटतात. तिकडची घरं कशी टिकली? आम्ही काय करावं?
— एक वाचक

उत्तर : अर्लिंग्टन रो १३८० च्या सुमारास लोकर साठवायला बांधली गेली, १७ व्या शतकात तिथे विणकरांची घरं झाली. तिथली भिंत आणि तुमची भिंत एकाच जातीची. भिंतीच्या दोन्ही बाजूंना दगडाचे थर, मध्ये दगडाच्या चिपा आणि चुना. अशा भिंतीत थोडं पाणी शिरतंच. ते दरजांतल्या चुन्यातून बाहेर येऊन वाऱ्यावर सुकतं. सिमेंटने ती वाट बुजवली. काळा दगड पाणी फारसं पीत नाही, म्हणून ओल आता आतल्या गिलाव्यातून निघते. शिवाय सिमेंट आकसून दगडापासून सुटतं आणि त्या बारीक फटीतून पाऊस आत जातो. तिकडचा चुनखडीचा दगड मऊ; तिथे हीच चूक झाली की थंडीत पाणी गोठून दगडाचेच ढलपे निघतात.

त्या घरांच्या टिकाऊपणाचं मोठं श्रेय छपराला आहे. दगडाच्या पातळ फरश्या लाकडी खुंट्यांनी अडकवलेल्या, वळचणीला मोठ्या, आढ्याकडे लहान होत गेलेल्या. उतार इतका उभा की पाणी थांबतच नाही. तुमचं घर धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं असेल तर आधी धाबं तपासा. वरून पाणी मुरत असताना दरजांवर केलेला खर्च वाया जाईल.

सिमेंट छिन्नी-हातोडीनेच काढा, ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. दरज रुंदीच्या दुप्पट, निदान १ इंच खोल मोकळी करून झाडा आणि भिजवा. मुरवलेला चुना १ भाग, सुरखी (भाजक्या विटांची पूड) १ भाग, चाळलेली वाळू २ भाग. माल घट्टच ठेवा. सैल माल वाळताना तडकतो. दाबून भरा आणि दगडाच्या कडेच्या किंचित आत थांबा. आठवडाभर ओलं गोणपाट लावा. हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत करा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात चुना धरण्याआधीच वाळून भुगा होतो.

आत सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट असेल तर तोही काढा. दीड-दोन फुटी भिंत सुकायला वर्षाहून जास्त लागतं, तोवर आतून फक्त चुन्याची सफेदी द्या.