तत्त्वज्ञान घेतलंस, आता वाचायचं कसं

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

एम.ए.ला तत्त्वज्ञान घेतलंस, याचा मनापासून आनंद झाला. पदवीला विषय वेगळा होता, तेव्हा आधी वर्षभर सोपी परिचयपर पुस्तकं वाचून मग मूळ ग्रंथांकडे वळावं का, असं तू विचारलं आहेस. तसं करू नकोस. पहिल्या आठवड्यापासून मूळ ग्रंथच हातात घे, फक्त पानं कमी घे. दीड तासाच्या बैठकीत चार-पाच पानं झाली तरी भरपूर; कांटसारखा अवघड जर्मन तत्त्वज्ञ असेल तर दोन पानंसुद्धा चालतील.

हा आग्रह का, ते सांगतो. नोट्समध्ये मतं असतात: अमक्याच्या मते ज्ञान अनुभवातून येतं, तमक्याच्या मते बुद्धीतून. अशी मतं पाठ करून परीक्षा पास होता येते, पण विषय हाती लागत नाही. कारण तत्त्वज्ञानात अभ्यासायची वस्तू आहे युक्तिवाद. एखादा विचारवंत त्या मताला कोणत्या पायऱ्यांनी पोचला आणि त्यातली कोणती पायरी कच्ची आहे, हे सांगता यायला हवं.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची 'मेडिटेशन्स' म्हणजे 'चिंतनं' (1641) घे. त्यातलं पहिलं चिंतन अगदी छोटं आहे, ते तीनदा वाच. पहिल्यांदा पेन्सिल बाजूला ठेवून, सलग. दुसऱ्यांदा प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक दे आणि तो परिच्छेद काय काम करतो ते समासात एका शब्दात लिही: दावा, कारण, आक्षेप, उत्तर, उदाहरण. तिसरं वाचन झालं की पुस्तक मिटून अर्ध्या पानात युक्तिवादाच्या पायऱ्या क्रमाने उतरव. जिथे अडशील तिथेच परत पुस्तक उघडायचं.

असं वाचल्यावर काय दिसतं बघ. नोट्समध्ये सापडेल: "इंद्रियं फसवतात, म्हणून देकार्त सर्व ज्ञानावर संशय घेतो." मूळ ग्रंथात ही पायरी तो स्वतःच अडवतो. तो म्हणतो, इंद्रियं फसवतात ती बारीकसारीक किंवा दूरच्या गोष्टींबाबत. पण मी इथे शेकोटीपाशी बसलोय, अंगात झगा आहे, हातात कागद आहे, यावर संशय घ्यायचा कसा? इंद्रियांच्या फसगतीचा युक्तिवाद इथे थकतो, आणि म्हणूनच स्वप्नाचा युक्तिवाद आणावा लागतो. तोही पुरत नाही, कारण स्वप्नातही दोन आणि तीन पाचच होतात, चौकोनाला चारच बाजू असतात. गणितालाही संशयाच्या कक्षेत ओढायचं तर फसवणारी सर्वशक्तिमान शक्ती कल्पावी लागते. म्हणजे संशयाच्या तीन पायऱ्या आहेत, आणि पहिलीची पोच जिथे संपते तिथे दुसरी सुरू होते. "देकार्तचा संशय स्पष्ट करा" या प्रश्नाला ही रचना उलगडून दाखवणारं उत्तर आणि तीन मुद्द्यांची यादी देणारं उत्तर यांतला फरक कोणत्याही परीक्षकाला पहिल्याच पानावर कळतो.

तर्कशास्त्राच्या पेपरला बरीच मुलं घाबरतात. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र होतं का तुला? नसेल तर पहिले दोन महिने रोज अर्धा तास गणितासारखी उदाहरणं सोडव, वाचून ते येत नाही. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं कोपी या तर्कशास्त्रज्ञाचं पुस्तक लागेल. त्यात 19 नियम आहेत, पैकी 9 अनुमानाचे (आधीच्या ओळींवरून नवी ओळ काढण्याचे) आणि 10 प्रतिस्थापनाचे (एका विधानाच्या जागी त्याच अर्थाचं दुसरं ठेवण्याचे). सर्वाधिक मार्क जातात ते एकाच चुकीमुळे: अनुमानाचे 9 नियम पूर्ण ओळीलाच लागतात, ओळीच्या तुकड्याला लावता येत नाहीत. प्रतिस्थापनाचे 10 तुकड्यालाही लागतात. '(अ ∙ ब) ⊃ क', म्हणजे 'अ आणि ब असेल तर क', अशी ओळ असताना कंसातला 'ब' गाळून 'अ ⊃ क' लिहिता येत नाही. तिकीट आणि ओळखपत्र दोन्ही असेल तर आत सोडतात, यावरून नुसतं तिकीट असेल तरी सोडतात असं ठरत नाही. नियम पाठ करताना प्रत्येक नियमापुढे 'पूर्ण ओळ' किंवा 'तुकडाही' असं लिहून ठेव.

तीच काटेकोर नजर भारतीय दर्शनांच्या पेपरला लाव. याबद्दल मला फार पोटतिडकीने सांगायचं आहे. पाश्चात्त्य पेपरला युक्तिवाद आणि भारतीय पेपरला श्रद्धेने सारांश, अशी वाटणी आपल्या वर्गांतून नकळत होते. त्यात आपल्या परंपरेचाच अपमान आहे, कारण ती परंपरा वादातून वाढलेली आहे. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हा सतराव्या शतकातला छोटेखानी ग्रंथ शिक्षकाजवळ बसून, ओळ न ओळ वाच. 'पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे' हे त्यातलं अनुमान सगळ्यांना तोंडपाठ असतं. पर्वत हा पक्ष (ज्याच्याबद्दल सिद्ध करायचं तो), अग्नी साध्य (सिद्ध करायचं ते), धूर हेतू (कारण म्हणून दिलेली खूण), स्वयंपाकघर दृष्टान्त (धूर आणि अग्नी एकत्र दिसतात असं ओळखीचं उदाहरण). खरं शिक्षण ते उलटं केल्यावर सुरू होतं: 'पर्वतावर धूर आहे, कारण तिथे अग्नी आहे.' हे का चालत नाही? तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओल्या लाकडाचा संयोग लागतो. ही अट म्हणजे उपाधी: जिथे जिथे धूर तिथे ती असतेच, पण जिथे जिथे अग्नी तिथे ती असेलच असं नाही. म्हणून हा हेतू असिद्ध ठरतो, त्यातही व्याप्यत्वासिद्ध, म्हणजे 'जिथे हेतू तिथे साध्य' हा नियमच ज्याचा सिद्ध होत नाही असा. नुसतं 'अनुमान चुकलं' म्हणून नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचा पंडित, थांबत नाही, कुठली अट लपून राहिल्यामुळे चुकलं ते बोट ठेवून दाखवतो. ही सवय तू देकार्तवरही वापर, कांटवरही वापर.

दोन्ही परंपरांना समोरासमोर बसवता येतं, हे आपल्या इथे घडलेलंही आहे. 1983 साली पुण्यात संस्कृत परंपरेतले पंडित आणि विद्यापीठांतले तत्त्वज्ञ एकत्र बसले, आणि चर्चेला विषय घेतला होता इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलची विधानविषयक (proposition) संकल्पना. मे. पुं. रेगे आणि दयाकृष्ण हे तत्त्वज्ञ त्या उपक्रमाच्या केंद्रस्थानी होते. संस्कृत येत नसेल तर आठवड्याला तीन तास तरी त्याला दे; दोन वर्षांत 'तर्कसंग्रह' मुळातून वाचण्याइतकं ते नक्की येतं.

आता लिहिण्याबद्दल. हजार शब्दांचा निबंध असेल तर साधारण अशी विभागणी ठेव: प्रश्न आणि तुझी भूमिका 100 शब्द, समोरच्याचा युक्तिवाद 300, तुझा आक्षेप 250, त्याला समोरच्याकडून येऊ शकणारं सर्वांत बळकट उत्तर 200, आणि त्यानंतरही काय शिल्लक राहतं ते 150. आक्षेप एकच घे. पाच आक्षेप प्रत्येकी दोन ओळींत उरकले की एकही सिद्ध होत नाही. 'प्राचीन काळापासून मानवाला प्रश्न पडत आले आहेत' अशी सुरुवात आणि तत्त्वज्ञाचं जन्मगाव, दोन्ही काढून टाक. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं मत, असा मांड की ते मत मानणाऱ्याने वाचून 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं म्हणावं. दुबळा पूर्वपक्ष खोडण्यात काहीच कमाई नाही.

शेवटी 'दोन्ही मतं आपापल्या जागी योग्य आहेत' असं लिहून सुटका करून घेण्याचा मोह आपल्याकडे फार आहे. समन्वय खरोखर होत असेल तर कोणत्या पायरीवर होतो ते दाखव. नाही तर एक बाजू घे.

लघुप्रबंधाचा विषयही याच पद्धतीने बारीक करायचा. 'कांटचं नीतिशास्त्र' हा विषयच नव्हे. परत न करण्याच्या इराद्याने, खोटं वचन देऊन कर्ज घेणाऱ्या माणसाचं उदाहरण कांट 1785च्या ग्रंथात देतो. सगळेच तसं वागू लागले तर उद्भवणारी जी विसंगती तो तिथे दाखवतो, ती तर्काची आहे की व्यवहाराची, हा विषय झाला.

मराठीत लिहिणार असशील तर मुळीच कमीपणा वाटून घेऊ नकोस. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' (1974) ग्रंथालयात असेल, परिभाषेसाठी तो उघडत जा. मात्र इंग्रजी संज्ञाही वहीत शेजारी उतरव, कारण नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, पेपर इंग्रजी आणि हिंदीतच असतो. तीन तासांत 150 प्रश्न, 300 गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. त्यात जोड्या लावा, कालक्रम लावा असे प्रश्न बरेच येतात. ती तयारी शेवटच्या चार महिन्यांसाठी राखून ठेव. आधीच सुरू केलीस तर वाचनाचा वेळ तीच खाईल.

नोकरीबद्दल घरचे विचारतात म्हणतेस. त्यांची काळजी रास्त आहे. प्राध्यापकीच्या जागा थोड्या आहेत आणि कायम नेमणुकीआधी काही वर्षं तासिका तत्त्वावर काढावी लागू शकतात. तेव्हा या दोन वर्षांत भाषांतर, संपादन किंवा संगणकीय भाषा यांपैकी एक काम पैसे मिळतील इतकं पक्कं शिकून घे. घरच्यांनाही तसं स्पष्ट सांग.

पहिल्या चिंतनाचं अर्ध्या पानाचं टिपण या महिन्यात पाठव. पायऱ्यांना क्रमांक घाल, म्हणजे कुठल्या पायरीबद्दल बोलतोय ते पत्रात लिहिता येईल.

कळावे,
तुझा शुभचिंतक