‘माझा मुलगा चर्चबाहेर गेला का?’

गेल्या काही वर्षांत कॅथलिक आईवडिलांकडून एकच काळजी पुन्हा पुन्हा कानावर येते. “मुलगा लॅटिन मिस्सेला जायला लागलाय. त्या लोकांचं पोपशी पटत नाही म्हणतात. तो चर्चबाहेर गेला का?” मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, आणि लॅटिन मिस्सा म्हणजे तिचा जुना, लॅटिनमधला विधी. प्रश्न माझ्यापर्यंत येतो तोवर घरातलं बोलणं बंद पडलेलं असतं. अशाच एका मायलेकांच्या नऊ बैठकांचा सारांश इथे देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई पहिल्यांदा एकटीच आली. मुलाचं लग्न पाच महिन्यांवर आलेलं, विधी संत दहावे पायस यांच्या संघाच्या चॅपलमध्ये ठरलेला.

“मी त्या लग्नात पाऊल टाकणार नाही. तो बहिष्कृत झालाय.”

“हे कोणी सांगितलं?”

“१९८८ साली पोपनीच सांगितलंय.”

अर्धवट माहितीवर उभी असलेली भीती नुसत्या धीराच्या शब्दांनी जात नाही, हे माझं ठाम मत. म्हणून आधी माहिती सरळ केली. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० साली स्वित्झर्लंडमध्ये हा संघ स्थापला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा (जगभरातल्या कॅथलिक बिशपांची ही सभा १९६२ ते १९६५ या काळात झाली) मिस्साविधी आणि धर्मस्वातंत्र्याविषयीची शिकवण त्यांना पटत नव्हती. ३० जून १९८८ रोजी त्यांनी एकोन इथे पोपच्या आज्ञेशिवाय चार बिशपांचा अभिषेक केला. बहिष्काराची घोषणा झाली ती सहा जणांबाबत: ते स्वतः, त्यांना साथ देणारे ब्राझीलचे एक बिशप आणि ते चार नवे बिशप. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्या चौघांवरचा बहिष्कार जानेवारी २००९ मध्ये उठवला. पण संघाला चर्चमध्ये कायदेशीर स्थान नाही आणि त्याचे धर्मगुरू वैधपणे सेवा बजावत नाहीत, हेही त्यांनी त्याच वर्षी मार्चमधल्या पत्रात स्पष्ट लिहिलं. तिथल्या बाकावर बसल्यामुळे कुणी बहिष्कृत होत नाही. पोपच्या अधीन राहायलाच नकार देऊन फूट पत्करणं ही निराळी गोष्ट आहे.

आईंनी विचारलं, “म्हणजे ते आत आहेत की बाहेर?”

या प्रश्नातच घरं अडकतात. लॅटिन मिस्सा म्हटली की सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. तसं नाही. १९८८ च्या त्या अभिषेकानंतर जे लफेव्र यांच्यापासून वेगळे झाले, त्यांच्यातल्या काहींनी संत पीटर यांचा बंधुसंघ काढला. तो पहिल्या दिवसापासून रोमच्या मान्यतेने चालतो. संत दहावे पायस यांचा संघ पोपना पोप मानतो, काही शिकवणी मात्र नाकारतो. तिसरे सेडेव्हॅकंटिस्ट, त्यांच्या मते पीटरचं आसन, म्हणजे पोपचं पदच रिकामं आहे, बहुतेकांच्या हिशेबाने १९५८ साली पोप पायस बारावे वारले तेव्हापासून. कोणत्या गटाशी गाठ आहे हे कळायला मी एक साधा प्रश्न विचारायला सांगते: मिस्सेच्या कॅननमध्ये, म्हणजे तिच्यातल्या मुख्य प्रार्थनेत, पोपचं आणि स्थानिक बिशपचं नाव घेतलं जातं का? जुन्या विधीत ती प्रार्थना फादर मनातल्या मनात पुटपुटतात, बाकावर ऐकू येत नाही. त्यामुळे फादरांना थेटच विचारावं लागतं.

तिसऱ्या बैठकीला मुलगा आला. आईकडे न बघता बोलत होता.

“आई, मी कुठे गेलो? आपल्या धर्मप्रांतातच, बिशपांच्या परवानगीने ती मिस्सा होत होती. ती बंद झाली. मग मी काय करायचं?”

आईंना हे ठाऊकच नव्हतं. २००७ साली पोप बेनेडिक्ट यांनी जुन्या विधीला मोकळीक दिली होती. १६ जुलै २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ती आवळली, धर्मग्रामाच्या, म्हणजे वस्तीतल्या नेहमीच्या, चर्चमध्ये ही मिस्सा ठेवू नये असं ठरवलं; तिथे सवलत द्यायची तर ती फक्त रोम देऊ शकेल, हे फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट झालं. मुलासारखे कित्येक जण त्यानंतर संघाच्या चॅपलकडे वळले.

“मला वाटलं, आमची मिस्सा तुला कमी दर्जाची वाटते,” आई म्हणाल्या.

तो बराच वेळ गप्प होता. “कधी कधी वाटते.”

हे खरं उत्तर होतं, आणि ते बोलून दाखवल्याबद्दल मला त्याचा आदर वाटला. त्यापुढे तीन बैठका त्या एका वाक्यावरच गेल्या.

लग्नाचा मुद्दा मी मुद्दाम उशिरा घेतला. घरात मतं अडली की मी कृतीकडे बघते. माझी कामाची रीतच ती. इथे कृती करायला जागा होती. कॅथलिक विवाह धरला जायचा तर स्थानिक बिशप, धर्मग्रामाचे मुख्य धर्मगुरू किंवा त्यांनी अधिकार दिलेला धर्मगुरू, आणि दोन साक्षीदार लागतात. संघाच्या धर्मगुरूंना हा अधिकार आपोआप नसतो. पोपच्या मंजुरीने मार्च २०१७ मध्ये रोमहून निघालेल्या पत्राने वाट दाखवली: बिशपांनी शक्यतो धर्मप्रांतातला धर्मगुरू नेमावा, त्याने वधूवरांची संमती घ्यावी आणि मग संघाच्या धर्मगुरूने मिस्सा करावी, तसा धर्मगुरू मिळणं शक्य नसेल तर संघाच्या धर्मगुरूलाच अधिकार द्यावा. संघाच्या धर्मगुरूंकडे पापांची कबुली देऊन क्षमा मिळवण्याची सोय पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली करुणावर्षासाठी केली आणि पुढच्या वर्षी ती मुदतीशिवाय वाढवली. या दोन्ही सवलती फक्त या संघापुरत्या आहेत. स्वतंत्रपणे फिरणाऱ्या किंवा सेडेव्हॅकंटिस्ट धर्मगुरूंना त्या लागू नाहीत, आणि तिथे लावलेली लग्नं पुढे फार त्रास देतात.

गडबड होते ती कागदांत. अधिकारपत्रात धर्मगुरूचं आणि वधूवरांचं नाव स्पष्ट हवं, आणि ते विधीच्या आधी हातात पडायला हवं. विधी उरकल्यावर मिळालेलं पत्र मागच्या लग्नाला लागू पडत नाही, दुरुस्तीसाठी वेगळी खटपट करावी लागते. बाप्तिस्म्याचा नवा दाखला काढावा. सहा महिन्यांपेक्षा जुना दाखला बहुतेक ठिकाणी चालत नाही. लग्नाची नोंद धर्मग्रामाच्या वहीत झाली का आणि बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवली का, हे स्वतः जाऊन बघावं.

सातव्या बैठकीत मुलाने बिशपांना अर्ज लिहायला घेतला. “आदरणीय बिशप” एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. खोडलं, परत लिहिलं. “ज्यांनी आमची मिस्सा बंद केली, त्यांनाच परवानगी मागू?”

“मागायची नसेल तर नको मागूस,” मी म्हटलं. “पण मागणार असशील तर कोणाकडे मागतोयस, ते बघ.”

पाचेक मिनिटं खोलीत कुणी बोललं नाही. मग त्याने मान खाली घालून सगळा अर्ज लिहून काढला आणि शेवटी “आपल्या धर्मप्रांतातील आपला” असं लिहून सही केली. कागद आईंकडे सरकवला. त्यांनी तो दोनदा वाचला, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून रडल्या. पोपना तो मानतो की नाही, या वादात त्यांनी सात महिने घालवले होते. तो मानतो, याचं उत्तर आता त्यांच्या हातात होतं, त्याच्याच अक्षरात. मलाही तेव्हाच लख्ख झालं की अधिकार मानणं म्हणजे सगळं पटणं नव्हे. राग असतानाही माणूस ज्या दाराशी विनंती घेऊन जातो, ते दार त्याने मानलेलं असतं. तेव्हापासून अशा घरांत मी आधी विचारते, मुलगा कोणाकडे काय मागायला तयार आहे?

अधिकारपत्र लग्नाच्या १९ दिवस आधी आलं. संमती धर्मप्रांताच्या धर्मगुरूंनी घेतली. आईंना लॅटिन येत नाही, म्हणून मुलाने त्यांच्यासाठी दोन भाषांतलं मिस्सापुस्तक आणलं, डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर अर्थ. लाल फीत त्याने कॅननच्या पहिल्याच पानात घालून ठेवली होती, जिथे पोपचं आणि बिशपचं नाव येतं.