पहिला प्रस्ताव लिहिण्याआधी

पोरी, परदेशी निधीचा प्रस्ताव लिहायला बसण्याआधी एकदा मंगळवेढ्याची एसटी पकड. भर उन्हाळ्यातच जा. तिथं ‘काय पाहिजे?’ असं विचारू नकोस. देणारा दिसला की लोक त्याला आवडेल तेच सांगतात. ‘मागच्या वेळी देणगीतून बसवलेलं यंत्र बंद का पडलं?’ हे विचार. खरी माहिती तिथं निघते.

आफ्रिकेतल्या ‘प्लेपंप’चं ऐकलंयस? पोरं चक्रावर खेळतील आणि पाणी टाकीत चढेल, अशी कल्पना. २००६ मध्ये अमेरिकेतून १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले. पण पोरं दमली की ते चक्र बायकांनाच फिरवत बसावं लागायचं, आणि बिघडलं तर दुरुस्तीची बोंब. साधा हातपंप परवडला असता! म्हणून अंदाजपत्रकात सुटे भाग, मिस्त्री, देखभाल आधी लिही. फलक नि उद्घाटन मागून. (आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.)

परदेशी देणग्यांच्या कायद्याचंही (एफसीआरए) बघ. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच येतो, आणि तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. तेव्हा अक्कलकोटकडच्या एखाद्या छोट्या संस्थेला ‘आमच्यातून तुम्हाला देतो’ असा शब्द देऊ नकोस. मी दिला होता. पुढं वर्षभर त्या रस्त्यानं जायची लाज वाटायची.