आमच्या घरामागचा ओढा वर्षभर जेमतेम वाहतो. त्याला खरंच पुराचा धोका असतो का?

असतो, आणि तो नदीपेक्षा बेसावध पकडतो. लहान ओढ्याचं पाणलोट क्षेत्र इतकं छोटं असतं की वर कोसळलेला पाऊस तासाभरात, कधी त्याआधीच, खाली पोचतो. म्हणून दिवसभरात किती पाऊस झाला यापेक्षा एका तासात किती जोराने पडला ते बघा. त्यात जमीन आधीच्या पावसाने भिजलेली असेल किंवा वरच्या अंगाला काँक्रीट वाढलं असेल, तर पाणी मुरतच नाही.

रस्त्याखालची मोरी आवर्जून तपासा. तिच्या तोंडाशी फांद्या आणि प्लास्टिक अडकलं की पाणी मागे तुंबतं आणि ओढा काठ सोडून घरांकडे वळतो. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षं त्या पूरपट्ट्यात राहिलात तर ती साधारण २६ टक्के होते. गेल्या वर्षी येऊन गेला, आता निश्चिंत, असं नसतं.

भिंतीवर, झाडांवर जुन्या पुराच्या खुणा शोधा, काठावरच्या जुन्या रहिवाशांना विचारा. आणि ओढ्यावरच्या फरशी पुलावरून (ठेंगण्या पुलावरून) पाणी जोरात वाहत असेल तर कृपा करून उतरू नका. १५ सेंटिमीटर पाणीही माणसाला पाडू शकतं.