लडाखसाठी कर्ज घ्यावं, की एफडी मोडावी?

नाशिकच्या एका ताईंनी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लांबलचक पत्र पाठवलं. त्यातला मुद्द्याचा भाग असा: मिस्टर सातपूरच्या एका कारखान्यात, हातात ६२,००० येतात. त्या स्वतः शाळेत शिकवतात, त्यांचे २८,०००. मुलगा यंदा दहावीला, मुलगी आठवीत. मुलाने वर्षभरापूर्वीच बोलून ठेवलंय, "दहावी झाली की लडाख." टूर कंपनीने २२ ते २९ मेच्या सहलीचे माणशी ३८,००० सांगितलेत, तेही लेहपासून लेहपर्यंत. मुंबई-लेह विमानाचे येऊन-जाऊन माणशी २४,००० आणि वरखर्चाला २५,००० धरले, की एकूण २,७३,०००. हातात काय आहे? मार्चमध्ये ताईंच्या भिशीचे ६०,००० लागणार आहेत आणि मिस्टरांना मार्चच्या पगाराबरोबर ७०,००० बोनस मिळेल. उरलेल्यासाठी मिस्टर म्हणतात, मोबाइलवर दीड लाखाचं मंजूर कर्ज दिसतंय, ते घेऊ. हौसेला मोल नसतं. ताई म्हणतात, कर्जापेक्षा ३ लाखांची एफडी अर्धी मोडू. दोघांत कोण बरोबर?

ताई, स्पष्ट सांगतो. दोघंही नाही. पण सहल मात्र रद्द करू नका. या वर्षी तर अजिबात नको.

आधी मिस्टरांच्या हौसेचं मोल काढू. दीड लाख, १६ टक्के व्याज, १८ हप्ते. हप्ता बसतो ९,४२८ रुपये. दीड वर्षात व्याज जातं १९,७०० च्या आसपास. २ टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३,५४०. एकूण सव्वातेवीस हजार. एवढ्यात एका माणसाचं लेहचं विमान जवळजवळ होतं. म्हणजे चौघं फिरून येणार आणि पाचव्याचं तिकीट कर्ज देणाऱ्याला काढून देणार.

पण खरं सांगू का, सव्वातेवीस हजारांनी मला फारसा धक्का बसला नाही. धक्का बसला तो तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानाने. तिथे तुम्ही महिन्याचा हिशेब दिलाय: घराचा हप्ता २४,५००, घरखर्च ३८,०००, दोन्ही मुलांची शाळा-रिक्षा ८,०००, एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, ८,०००. ९०,००० मधून हे सगळं गेलं की उरतात ११,५००. त्याच पानावर खाली, जणू सहज आठवलं म्हणून, लिहिलंय की मुलाला अकरावीला नीटच्या क्लासला घालायचंय, वर्षाची फी १,३५,०००, पहिला हप्ता जूनमध्ये ४५,०००.

१,३५,००० ला बाराने भागा. ११,२५०. दरमहा उरणाऱ्या तुमच्या साडेअकरा हजारांवर क्लासने आधीच रुमाल टाकून जागा धरलीये! मग कर्जाचे ९,४२८ कुठून येणार? घराचा हप्ता थांबत नाही, किराणा थांबत नाही. थांबणार ती एसआयपी, आणि ती थांबली तरी बाराशेच्या आसपास कमीच पडतात. एसआयपी कशासाठी आहे, तेही तुम्हीच लिहिलंय: मुलाच्या बारावीनंतरच्या कॉलेजसाठी. म्हणजे कर्ज मिस्टरांच्या नावावर, पण फेडणार मुलगा. त्याला हे कुणी सांगितलंय का?

आता तुमची बाजू. एफडी मुदतीआधी मोडली तर बँक व्याजात साधारण अर्धा ते एक टक्का कापते. दीड लाखावर ही रक्कम किरकोळ आहे, त्यामुळे कर्जापेक्षा एफडी मोडणं स्वस्त, हे तुमचं गणित चुकलेलं नाही. पण ती एफडी तुमच्या घरात नुसती पडून नाहीये. हप्ता, घरखर्च आणि शाळा धरून तुम्हाला महिन्याला ७०,५०० लागतातच. ३ लाख म्हणजे सव्वाचार महिने. अर्धी मोडली की दोन महिने आणि वर थोडे दिवस. मिस्टरांच्या कारखान्यात गेल्या वर्षी दोनदा आठवडा-आठवडा काम बंद होतं, असं तुम्हीच लिहिलंय. ती एफडी त्या आठवड्यांसाठी आहे. तिला हात नको.

तेव्हा कर्ज नाही, एफडी नाही, राहिले भिशी आणि बोनस. १,३०,०००. त्यातूनही क्लासचा पहिला हप्ता भागवावा लागेल. एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांची शिल्लक ३४,५००, हप्ता ४५,०००, कमी पडतात १०,५००. ते बाजूला काढले की सहलीला राहतात १,१९,५००. एवढ्यात लडाख बसत नाही. डोंगर आणि तळं मात्र बसतं, तेही व्यवस्थित.

त्याआधी तारखांचं बोलतो, कारण पैशांपेक्षा मला त्यांची काळजी जास्त वाटली. दहावीचा निकाल २०२४ साली २७ मेला लागला, २०२५ साली १३ मेला. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत. नोंदणी, अर्जाचा पहिला भाग, कॉलेजांचा पसंतीक्रम, आणि प्रत्येक टप्प्याला ठरलेली तारीख. तुमची सहल नेमकी या धांदलीत पडू शकते. त्यात लडाखमध्ये बाहेरच्या राज्याची प्रीपेड सिमकार्डं चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं, आणि पँगाँग तळ्याला पोचल्यावर तेही कितपत चालेल याची खात्री नाही. मुलगा निळ्या पाण्यासमोर फोटो काढतोय आणि आई ओटीपीची वाट बघत फोन आभाळाकडे धरून उभी आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं.

माझ्या मते तुम्ही उत्तराखंडातल्या कुमाऊँला जा. नैनीतालला नव्हे, नौकुचियातालला. मे महिन्यात नैनीतालच्या मॉल रोडवर आपल्या मेन रोडवर दिवाळीत असते तशी गर्दी असते आणि खोल्यांचे भावही तसेच चढलेले. तिथून वीस-बावीस किलोमीटरवर भीमताल, त्याच्यापुढे चार-पाच किलोमीटरवर नौकुचियाताल. नऊ कोपऱ्यांचं तळं, आणि नऊच्या नऊ कोपरे एका जागेवरून दिसत नाहीत म्हणतात. धाकटीला मोजायला लावा. जवळच सातताल, ओकच्या जंगलात लपलेलं. एक दिवस मुक्तेश्वर. हवा स्वच्छ असली तर तिथून त्रिशूळ आणि नंदादेवी दिसतात. नसली तर दिसत नाहीत, आणि मेमध्ये वणव्यांच्या धुराने ती पुष्कळदा नसते, हे आधीच सांगून ठेवतो. बर्फाची आशा घेऊन जाऊ नका. बाजारात काफळ नावाचं लालसर, आंबटगोड छोटं फळ आलेलं असेल, ते मीठ लावून खा.

तब्येतीच्या दृष्टीनेही हे सोपं. भीमतालची उंची साधारण महाबळेश्वरएवढीच. लेह साडेतीन हजार मीटरवर, पँगाँग सव्वाचार हजारांच्या आसपास. लेहला विमानाने उतरल्यावर पहिला दीड-दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं, शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. ते टाळायचं नाहीच. पण आठ दिवसांतले दोन दिवस खोलीत झोपण्याचे पैसे आपण देतो, हेही खरं.

आता खर्च. आकडे मी धरलेले आहेत, थोडे इकडेतिकडे होतील. नाशिक रोडहून दिल्ली थर्ड एसीने, दिल्लीहून काठगोदाम, म्हणजे तिथलं जवळचं स्टेशन, रात्रीच्या गाडीने, तसंच परत: माणशी ५,५००, चौघांचे २२,०००. सहा रात्री, दोन खोल्या, खोलीला ३,२०० प्रमाणे ३८,४००, वर ५ टक्के जीएसटी १,९२०. टॅक्सी १६,०००. जेवणखाण माणशी रोज ७०० प्रमाणे आठ दिवसांचे २२,४००. गाडीतल्या पहिल्या दिवसाला घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यालच, म्हणून तो धरलेला नाही. होडी, कयाक वगैरे ८,०००. किरकोळ ६,०००. बेरीज १,१४,७२०. तरी ४,७८० उरतात.

दोन खोल्या का, असं विचाराल. मुलं लहान असताना एका खोलीत गादी टाकून भागतं. आता बहुतेक हॉटेलांत बारा वर्षांवरचं मूल मोठ्या माणसात धरतात, टूर कंपन्याही तेच करतात. शिवाय पंधरा वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी सहा रात्री आई-बाबांच्या पायथ्याशी झोपली, की तिसऱ्या दिवशी भांडणं ठरलेली. एक खोली मायलेकींची, एक बापलेकांची. आणि यात एक गंमत आहे. खोलीचा भाव ७,५०० पर्यंत असला तर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेला की १८. कुणी ७,८०० ची ऐसपैस फॅमिली रूम गळ्यात मारत असेल तर तिच्यावर रोजचा कर १,४०४. तुमच्या दोन खोल्या मिळून ३२०. सप्टेंबर २०२५ पासूनचे हे दर आहेत. त्याआधी ५ च्या जागी १२ टक्के होते, त्यामुळे हॉटेलवाल्याने जुना दर लावला तर बिल परत करा.

मिस्टरांनी विचारलंय की एलटीए, म्हणजे पगारातला प्रवासभत्ता, दाखवून कर वाचेल का. नाही. ती सवलत जुन्या कररचनेतच मिळते, तीही फक्त प्रवासभाड्यावर, हॉटेलवर नाही. त्यांचं वार्षिक उत्पन्न १२ लाखांच्या आत, म्हणजे नव्या रचनेत करच शून्य. वाचवायचा कशातून?

खोल्यांचे पूर्ण पैसे आधी देऊ नका. काही वर्षांपूर्वी मी हिमाचलच्या सहलीसाठी एका एजंटाला पैन् पै आगाऊ दिली होती. फोटोत नदीकाठचं हॉटेल होतं, प्रत्यक्षात नदी ऐकू यायची, दिसायला गच्चीवरच्या टाकीवर चढावं लागायचं. एक-दोन रात्रींचे आगाऊ द्या, बुकिंग रद्द केल्यास किती परत मिळणार ते मेसेजवर लिहून घ्या.

त्या सहलीत एक गोष्ट मात्र जमली होती. तेव्हा चौदा वर्षांची असलेल्या माझ्या मुलीच्या हातात मी पहिल्याच दिवशी पाकीट दिलं, "तुझ्या मजेचे पैसे यात. संपले की संपले." तोवर प्रत्येक दुकानासमोर "बाबा, हे घेऊ?" चालायचं. पाकीट हातात आल्यावर बाईसाहेब दोन दिवस दुपारी मॅगीवर राहिल्या, शाल बघून परत ठेवली आणि शेवटच्या दिवशी राफ्टिंग केलं. तुमचे ते ८,००० तसेच दोघांत वाटा. नौकुचियातालला पॅराग्लायडिंग होतं, मुलगा त्याच्याकडे ओढला जाईल. ते करायचं, की रोज कयाक, हे त्याला ठरवू द्या.

त्याआधी हा सगळा कागद त्याच्यापुढे ठेवा, क्लासची फी आणि एसआयपीसकट. तो दोन दिवस तोंड फुगवून बसेल. बसू द्या. लडाखला नाही म्हणायचंच नाहीये, पुढे ढकलायचंय. पुढच्या मेमध्ये तो बारावीच्या उंबरठ्यावर असेल, लांबची सहल तशीही होणार नाही. त्या वर्षी भंडारदऱ्याला दोन दिवस जा. घरापासून दोन-अडीच तास, आर्थर लेक आहे, पहाटे बारी गावातून कळसूबाई चढा, १,६४६ मीटर. उरलेली भिशी आणि बोनस एफडीत टाका. त्याच्या पुढच्या वर्षी बारावी आणि नीट आटोपलेली असेल, पुन्हा भिशी, पुन्हा बोनस. दोन वर्षांचे मिळून अडीच लाखांच्या घरात जमतात, आणि तोवर लडाखचे भाव चढले तरी कमी पडणारी रक्कम तीस-चाळीस हजारांची असेल, दीड लाखाची नाही. बोनस दरवर्षी मिळेलच असं नाही, हे मिस्टरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नाही मिळाला तर लडाख आणखी एक वर्ष पुढे.

मिस्टरांना एवढंच सांगा की मी त्यांच्या हौसेच्या विरोधात नाही. मुलगा अजून तुमच्याबरोबर यायला तयार आहे. दोन वर्षांनी तो कॉलेजसाठी कुठल्या गावी असेल आणि सुट्टीत कुणाबरोबर जाईल, हे त्यालाही ठाऊक नाही. म्हणून तर सहल यंदा करा म्हणतो, आणि म्हणूनच भिशीचे साठ हजार खर्चताना मला वाईट वाटत नाहीये. सोन्याला टाकूया, असं सासूबाई म्हणाल्या तर या वेळेला माझं नाव सांगा.

धाकटीची परीक्षा २४ एप्रिलला संपते ना? मग २८ ला रात्री निघा, ८ मेपर्यंत परत. निकालाच्या आधी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे मुंबईहून त्याच दिवशी सुटणाऱ्या गाडीचं २७ फेब्रुवारीला सकाळी आठला. बाकीच्या तिन्ही तिकिटांच्या तारखा एकेक मोजून कॅलेंडरवर लिहा. गाडी आदल्या दिवशी दुसऱ्या गावाहून सुटत असेल तर दिवस तिथल्या तारखेपासून मोजतात, यात पुष्कळजण फसतात. आयआरसीटीसीचं खातं आजच आधारशी पडताळून घ्या, आरक्षण उघडतं तेव्हा सुरुवातीला तशाच खात्यांना तिकीट काढता येतं. २७ तारखेला तुमची सकाळची शाळा असेल तर तिकिटं मिस्टरांना काढायला सांगा. मुलाला नको, त्याची दहावीची परीक्षा चालू असेल.